बाबांच्या फोटोतली ती बाई

«बाबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते आणि इटलीत लढले, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याबद्दल त्यांनी जन्मभर चकार शब्द काढला नाही. यंदा आई गेली, तिच्या ट्रंकेत एक अल्बम सापडला. एका फोटोत बाबा वर्दीत आहेत आणि शेजारी एक गोरी बाई, कडेवर मूल. मागे पेन्सिलीनं ‘रिकोर्दो 1944’. आणखी दोन फोटोंच्या मागे नुसती वेटोळी काढल्यासारखं काहीतरी आहे. थोरले दादा म्हणतात, जाळून टाक, बाबांची अब्रू वेशीवर टांगू नकोस. मला मात्र बाबांचं तेव्हाचं आयुष्य जाणून घ्यायचंय. माझं चुकतंय का?»
– एक वाचक, सातारा जिल्हा

प्रिय ताई,

चुकत नाही. आणि तो अल्बम कुणालाही जाळू देऊ नका, हे आधी सांगते.

‘रिकोर्दो’ म्हणजे इटालियनमध्ये आठवण. फोटो भेट देताना मागे हा शब्द लिहायची तिथे सर्रास पद्धत होती. 1944 च्या हिवाळ्यात आघाडी डोंगरात अडकली, तेव्हा सैनिक शेतकऱ्यांच्या घरांतून उतरलेले असत. कित्येक घरांतला कर्ता पुरुष लढाईत नाहीतर कैदेत. अशा घरातल्या पोराला बाबांनी आपल्या वाटणीची साखर दिली असेल आणि निघताना त्या माउलीनं फोटो दिला असेल. याहून वेगळंही काही असू शकेल. फोटो सांगतो ते एवढंच, की दोन माणसं शेजारी उभी होती. बाकीचं दादांच्या धास्तीनं भरून काढलंय. आणि हा अल्बम तुमच्या आईच्या ट्रंकेत होता, ताई. तिनं तो जपला.

बाबा गप्प का राहिले, याचं मात्र मला फारसं नवल वाटत नाही. माणगावचे यशवंत घाडगे बाबांसारखेच मराठा पलटणीतले, तिसऱ्या बटालियनचे. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनवर चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच धारातीर्थी पडले. वय 22. देह सापडला नाही, इटलीतल्या कसिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. असल्या दिवसांतून परत आलेल्या माणसानं ओसरीवर बसून पोरांना सांगायचं तरी काय?

आता कामाचं. फोटो पानावरून उचकटू नका. माझ्या मामांचा असाच एक फोटो मी ओल्या कापडानं सोडवायला गेले आणि त्यांचा अर्धा चेहरा पानावरच राहिला. ती हळहळ अजून जात नाही. आधी अख्खं पान स्कॅन करा, शेजारचे फोटो, रिकामे कोपरे सगळं धरून. जे आपसूक सुटतील त्यांची मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव दिसलं तर गाव कळू शकतं.

मग भिंग घेऊन बाबांच्या छातीकडे बघा. पदकांच्या फिती लावलेल्या असतील तर रंग कळणार नाहीत, पण पट्टे मोजता येतील. इटली स्टारच्या फितीवर एकसारखे पाच पट्टे असतात: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. हे पदक 1945 मध्ये जाहीर झालं, म्हणजे ती फीत दिसली तर फोटो त्याआधीचा नाही. दंडावरचं डिव्हिजनचं चिन्हही बघा. लाल गरुड असेल तर चौथी इंडियन डिव्हिजन. आणि कुठल्या कागदावर ‘3/5’ असं दिसलं, तर ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन.

ती ‘वेटोळी’ मोडी असावी, असं माझं मन सांगतं. बाबांच्या पिढीला शाळेत मोडी असे. मोडी जाणणाऱ्याला नीट स्कॅन दाखवा.

बाबांचं डिस्चार्ज बुक किंवा आईचे पेन्शनचे कागद शोधा. त्यावर सैनिक नंबर मिळेल. तो मिळाला की बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नातं सिद्ध करणारा कागद जोडून. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्याचं अनुदान त्यांच्यामार्फत मिळतं, तेव्हा आईच्या नावाची फाइल तिथे असू शकते. बटालियन पक्की झाली की तिची रोजची युद्धडायरी लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधता येते. अमक्या तारखेला पलटण कुठल्या गावात होती, हे त्यात लिहिलेलं असतं.

राहिले दादा. त्यांना पटवायला जाऊ नका, विचारायला जा. ते थोरले, त्यांनी बाबांना तुमच्याआधी पाहिलंय. बाबा रात्री दचकून उठायचे का, कुणी जुना जोडीदार घरी यायचा का, त्याचं गाव कुठलं, हे त्यांनाच आठवत असेल. त्या बाईचा फोटो पहिल्या दिवशी काढू नका. बाबा एकटे आहेत असा एखादा न्या आणि दादांच्या हातात द्या.

मोडी वाचून झालं की मला नक्की कळवा. मी वाट बघतेय.