१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या नेमकी कोणत्या प्रकारात मोडते? आणि परीक्षेत असली संख्या आली तर पटकन कसं ओळखायचं?

मूळ संख्या नाही. नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे. उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने निःशेष भाग जातो, म्हणून हर्षद संख्या. अवयव पाडलेत तर ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ४५.

याच संख्येवरून आमच्याकडे जुंपली होती. गौरी जेवणाला भाच्याकडे बाणेरला गेलो होतो. त्याची मुलगी सातवीत. तिला कोडं घातलं, नऊ एक गुणिले नऊ एक किती? ती वही आणायला उठली, तेवढ्यात भाचा लॅपटॉप घेऊन हजर. स्प्रेडशीटमध्ये गुणाकार टाकला, उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. "मामा, शेवटी दोन शून्यं आहेत." अरे, एकावर संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्यावर कसा संपेल? "कॉम्प्युटर चुकतो का?" सगळे हसले, त्याचे सासरेसुद्धा.

आरतीच्या कागदाच्या पाठीवर मांडणी केली. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभे रकाने मोजायचे: कडेला एक, मग दोन, तीन, मधोमध नऊ, परत उतरत एक. हातचा कुठेच नाही. (दहा एक घेतलेत की हातचा येतो आणि जिना मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.) पोरीला पटलं, बापाला नाही.

शीट पंधरा अंक दाखवते आणि पुढे शून्यं भरते. ही सतरा अंकी. मी बँकेत होतो; सोळा अंकी नंबर टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, हे भाच्याच्या मुंजीच्या सुमारास बघितलंय. आयटीवाल्याला हे मी सांगायचं!

असल्या, एकांच्या वर्गातून येणाऱ्या संख्यांना डेमलो हे नाव गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलं, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. हर्षद हा शब्दही त्यांचाच. माणूस फर्ग्युसनमध्ये शिकलेला, पुढे देवळालीला शाळामास्तर. भाच्याला त्यांचा ६१७४ (कापरेकर स्थिरांक) सुद्धा माहीत नव्हता.

परीक्षेत आधी शेवटचा अंक बघा, मग अंकांची बेरीज करा. बेरजेला ९ ने भाग गेला की मूळ असण्याचा प्रश्नच मिटला. भाच्याच्या उत्तराची बेरीज ७८ येते, ९ ने भाग जात नाही. नऊ एकांच्या वर्गाला जायलाच हवा. तिथेच पकडायला हवं होतं त्याने.

हां, हर्षद म्हणजे फार दुर्मीळ काही नाही, १२ आणि १८ पण हर्षदच. शिवाय वर्ग असणं आणि अवयव, संख्या कशीही लिहिली तरी तेच राहतात. हर्षद आणि उलटसुलट हे मात्र दशमानात लिहिण्यावर अवलंबून.

तो आरतीचा कागद पोरीने जपून ठेवलाय. भाचा अजून म्हणतो, शीटची सेटिंग चुकली होती. सेटिंग नव्हती रे ती.