अनुदान देणाऱ्या ट्रस्टमधली इंटर्नशिप घ्यावी का?

तुम्ही एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करताय, मुंबईतल्या एका ट्रस्टने बोलावलंय, आणि ‘नुसतं ऑफिसात बसून काय शिकणार?’ ही शंका आहे. माझं मत विचाराल तर जरूर घ्या. मी अशाच एका ट्रस्टमध्ये इंटर्न होते.

सुरुवातीला निधी मागणाऱ्या संस्थांची कागदपत्रंच तपासायची असतात: नोंदणी, १२ए (संस्थेला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत), ऑडिट, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला पैसा असेल तर त्यासाठीचा नोंदणी फॉर्म सीएसआर-१. इथे कंटाळू नका. उदाहरणार्थ, शेड्यूल वनवर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, वारलेल्या विश्वस्ताचं नाव दिसतं आणि नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी गडबड आहे. बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज पडून असतो, एवढंच. अर्जाची पोच मागवा, शेरा मारायची घाई नको.

खरं शिक्षण बजेट वाचताना होतं. मेळघाटातल्या एका संस्थेच्या प्रस्तावात हिशोबनीसाचा अर्धवेळ पगार धरला होता. आमच्याकडच्या रकान्यात तो ‘प्रशासकीय खर्च’ ठरला आणि तिथेच कात्री लागायची वेळ आली. पण दर तिमाहीला खर्चाचा तपशील, बिलं आणि वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र आपणच मागणार. ते करणार कोण? गावोगाव फिरणारी ताई रात्री बसून? मी टिपणात हेच लिहिलं, पीओंनी, म्हणजे आमच्या प्रोग्राम ऑफिसरनी, ते उचलून धरलं आणि पगार राहिला. इंटर्नच्या टिपणाला वजन असतं, कारण सगळा प्रस्ताव शब्दन् शब्द वाचलेला बरेचदा तोच असतो.

एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा कायदा, नीट समजून घ्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, आणि त्यातून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत ज्यांना असा पैसा मिळायचा, त्या छोट्या संस्थांची ती वाट बंद झाली. त्यांचे प्रस्ताव वाचताना हे ध्यानात असू द्या.

रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारा: स्टायपेंड किती, फील्ड व्हिजिटला नेणार का, आणि प्रस्तावांवर निर्णय होतो त्या बैठकीला बसू देणार का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तरी पीओंकडून निर्णयामागची कारणं समजून घ्या. नकार कळवायचं काम तुमच्याकडे आलं, तर फोन करा, मराठीत बोला, नेमकं कुठे अडलं ते सांगा. पुढच्या वर्षीचा प्रस्ताव त्यांना त्यावरूनच सुधारता येतो.