गाण्यातून घडणारा शूटर: ढोल-ताशा लावला की पडदा का भरतो?

प्रश्न : गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये टू-डी शूटर (गोळीबाराचा सपाट पडद्यावरचा खेळ) बनवतो आहे. गाणं वाजत असताना आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेपुढे गेली की शत्रू सोडतो. चित्रपटगीतांवर बरं चालतं. ढोल-ताशावर मात्र पडदा शत्रूंनी भरून जातो, आलापावर एकही येत नाही आणि गोळ्या कधीच ठेक्यावर बसत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करू, कारण मूळ तिथेच आहे. ठोका ऐकू आल्यावर शत्रू सोडला, तर त्याची गोळी खेळाडूपर्यंत पोहोचेतो तो ठोका जुना झालेला असतो. पडदा ७२० पिक्सेल उंच आणि गोळीचा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल असेल, तर वरून खाली यायला २.४ सेकंद लागतात. म्हणजे ती ठोक्याच्या २.४ सेकंद आधी सुटायला हवी. वाजत्या गाण्याकडे बघून हे साधणारच नाही. लेव्हल सुरू होण्याआधी अख्खं गाणं तपासून ठोक्यांची यादी तयार ठेवा, आणि गाण्यापूर्वी तीनेक सेकंद शांतता सोडा, नाहीतर पहिले ठोके वाया जातील.

यादी अशी काढा. ४४,१०० हर्ट्झच्या नमुन्यांवर (म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेल्या आवाजावर) २०४८ नमुन्यांची खिडकी ठेवून ती ५१२ नमुन्यांनी पुढे सरकवा. सेकंदाला असे साधारण ८६ तुकडे, म्हणजे चौकटी, मिळतात. प्रत्येक चौकटीचं एफएफटी (आवाजातल्या कंप्रता वेगळ्या करणारं गणित) करून मिळालेल्या ऊर्जेचा लॉग (लॉगरिदम) घ्या. मग मागच्या चौकटीपेक्षा कोणत्या कंप्रतेत ऊर्जा किती वाढली तेवढंच मोजा, घट सोडून द्या. या वाढीची बेरीज म्हणजे स्पेक्ट्रल फ्लक्स. ती आजूबाजूच्या अर्ध्या सेकंदाच्या सरासरीच्या दीडपट असेल आणि शेजारच्या चौकटींपेक्षा मोठी असेल, तरच तो ठोका धरा. दीडपट हा आकडा सुरुवातीपुरता. गाण्यागणिक थोडा हलवावा लागतो. तुम्ही ठोका नव्हे, मोठा आवाज शोधत होतात, आणि ढोल-ताशात मोठा आवाज थांबतोच कुठे?

पायथन भाषेतल्या लिब्रोसा या ध्वनी तपासायच्या लायब्ररीत आधी करून पाहणार असाल, तर एक खड्डा टाळा. ती लायब्ररी न सांगता फाइल २२,०५० हर्ट्झवर आणते. तुम्ही वेळ ४४,१००ने काढलीत, तर प्रत्येक ठोका निम्म्या वेळेवर येईल.

आता ढोल-ताशा. फ्लक्स एकत्र न मोजता किमान दोन पट्ट्यांत मोजा: १५० हर्ट्झच्या खाली ढोलाचा घुमारा, २००० हर्ट्झच्या वर ताशाची तर्री (जलद, सलग ठोके). घुमाऱ्यावर मोठा शत्रू द्या. तर्रीत ठोके १०० मिलिसेकंदांपेक्षा जवळ आले, तर प्रत्येकासाठी शत्रू काढू नका. ती सलग घटना समजून तर्री चालेल तितका वेळ लेझरची एकच पट्टी फिरवा. खेळाडूला ती तर्री डोळ्यांनी दिसते, आणि खेळही खेळण्याजोगा राहतो. तरीही गर्दी झाली, तर प्रत्येक चार ठोक्यांतले सर्वांत ठळक दोन-तीनच घ्या. मिरवणुकीत मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग मात्र बाजूला ठेवा. फोन आवाज आपोआप आवळतो, ठोक्यांची टोकं छाटली जातात आणि वाढ मोजायला काही उरत नाही.

आलापात ठोका नसतोच, मींडीत स्वर सरकत जातो आणि तानपुऱ्याची ऊर्जा सतत सारखी राहते. म्हणून तिथे शत्रू मागूच नका. चार सेकंद ठोका आला नाही, की बोगद्याच्या भिंती गायकाच्या स्वराच्या उंचीप्रमाणे हलवा. खेळाडूने फक्त वाट काढायची. तबला लागला की शत्रू परत. आमच्या मते अशा खेळातला हा सर्वांत सुंदर क्षण ठरू शकतो, तो घालवू नका. आणि लय शोधताना चाराचंच आवर्तन गृहीत धरू नका. रूपक सात मात्रांचा, दादरा सहा. लय दुप्पट किंवा निम्मी सापडणं ही नेहमीची चूक आहे, तेव्हा खेळाडूला बोटाने ठेका देऊन ती सुधारायची सोय ठेवा.

खेळताना वेळ पडद्याच्या फ्रेम मोजून काढू नका, ध्वनीकडून घ्या. गोडोत प्लेबॅकची जागा अधिक शेवटच्या मिक्सनंतरचा (इंजिनने ध्वनीचा शेवटचा तुकडा तयार केल्यानंतरचा) वेळ, वजा आउटपुट लेटन्सी (आवाज बाहेर पडायला लागणारा उशीर). ब्लूटूथ हेडफोनची दिरंगाई यात पूर्ण धरली जात नाही; त्यासाठी सेटिंगमध्ये मिलिसेकंदांचा सरकता पट्टा द्या.

प्रश्न : तीच एमपी३ मित्राच्या फोनवर वेगळी लेव्हल देते. गुणतक्ता कसा ठेवायचा?

उत्तर : यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या आकड्यावरून लेव्हलमधले बाकीचे यादृच्छिक आकडे निघतात तो) अख्ख्या फाइलच्या हॅशवरून (फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्यावरून) घेत असाल, तर कुणी अल्बमचं नाव बदललं तरी लेव्हल बदलेल, कारण टॅग (गाण्याचं, अल्बमचं नाव वगैरे माहिती) फाइलमध्येच असतात. शिवाय एमपी३च्या सुरुवातीची, एन्कोडरने (फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) भरलेली शांतता काही डिकोडर (फाइल वाचणारे प्रोग्रॅम) कापतात, काही नाही; ठोके तेवढे सरकतात. एकाच फोनवर तपासणी करून ठोक्यांची यादी आणि बीज छोट्या फाइलीत साठवा आणि तीच मित्राला पाठवा, म्हणजे गुणतक्त्यात दोघांचे गुण एकाच लेव्हलचे असतील. गाणं पाठवायची गरज नाही.

प्रश्न : स्ट्रीमिंग ॲपमधली गाणी वापरता येतील का?

उत्तर : नाही. त्या फाइली कुलूपबंद असतात, नमुने हाती लागत नाहीत. खेळाडूच्या स्वतःच्या फाइली त्याच्याच यंत्रावर वाचा. खेळासोबत गाणी द्यायची, तर लेखी परवानगी घ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि चाल व शब्दांचा हक्क त्याहून वेगळा असतो.