म्यान मूळचं नसेल, तर दोन वर्षं संपायच्या आत पत्र पाठवा

श्टुटगार्टहून एका वाचकांनी विचारलं आहे: एका खाजगी संग्राहकाकडून जुनी मानाची तलवार घेतली. पात्यावर रेजिमेंटमधल्या सहकाऱ्यांनी अधिकाऱ्याला भेट दिल्याचा मजकूर आहे. जाहिरातीत ‘मूळ म्यानासह’ लिहिलं होतं, पण पातं म्यानात शेवटपर्यंत जातच नाही. म्यान दुसऱ्याच तलवारीचं, असं जाणकार सांगतात. विक्रेत्याचं उत्तर एकच: ‘खाजगी विक्री, कसलीही हमी नाही.’ घड्याळं, चित्रं, जुनी वाद्यं यांबद्दलही अशीच पत्रं येतात आणि बहुतेक जण या उत्तरावर गप्प बसतात.

गप्प बसू नका. हमी नाकारणारं ते वाक्य ‘मूळ म्यानासह’ या शब्दांना झाकत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 29 नोव्हेंबर 2006 रोजी एका वापरलेल्या मोटारसायकलीच्या खटल्यात हेच ठरवलं. जाहिरातीत सांगितल्यापेक्षा ती कितीतरी जास्त धावलेली होती, आणि वस्तूचा जो गुण स्पष्ट कबूल केला, त्यातून सरसकट नकाराने सुटता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणून जाहिरातीची प्रत आजच जपून ठेवा. ती नसेल, तर माझ्या उत्तराचा पायाच जातो.

आता मुदतीचं. तलवार हातात येऊन 20 महिने झाले, आणि तुम्ही इतके दिवस सौजन्याची ईमेल पाठवत राहिलात. याचा मला खरंच राग येतो. नुसत्या ईमेलने मुदत थांबत नाही. वाटाघाटी चालू असतील तर थांबते, पण ज्याने पहिल्याच ईमेलला साफ नकार दिला, त्याच्याशी वाटाघाटी झाल्याचं दाखवणं अवघड. जर्मन नागरी संहितेच्या कलम 438 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 2 वर्षं, म्हणजे तुमच्याकडे 4 महिने उरले. त्याआधी ‘मी करार रद्द करतो, तलवार परत घ्या, पैसे द्या’ असं पत्र नोंदणीकृत टपालाने पोहोचलं पाहिजे. ते वेळेत पोहोचलं, तर पैशांच्या मागणीला पुढे 3 वर्षांची सर्वसाधारण मुदत मिळते, तीही त्या वर्षाच्या अखेरीपासून. उशीर झाला, तर कलम 218 विक्रेत्याच्या हातात ढाल देतं: ‘मुदत संपली’ म्हणून तो करार रद्द करणं नाकारू शकतो.

आधी मूळ म्यान देण्याची संधी द्यायला हवी का? ते अस्तित्वातच नसेल तर नको. पण विक्रेत्याकडे ते असू शकतं, म्हणून शक्यतो आठवड्याभराची मुदत देऊन मगच करार रद्द करा.

न्यायालय हा दोष किती मोठा मानेल, हे ठामपणे सांगता येत नाही. क्षुल्लक ठरवला, तर किंमत कमी करून घेण्याचा मार्ग उरतो. ऑनलाइन मानबेशाइडचा (सुनावणीशिवाय मिळणाऱ्या न्यायालयीन पैसे-मागणी आदेशाचा) सल्ला कुणी दिला असेल, तर तो किंमतीतल्या फरकासाठी चालतो, तलवार परत देऊन पैसे मागण्यासाठी नाही. विक्रेत्याने जाणूनबुजून फसवल्याचं सिद्ध झालं तर मुदत वाढते. पण पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल, म्हणून वाढीव मुदतीवर विसंबू नका.

तोवर तलवार भारतात पाठवू नका. परत देणं महाग होईल, आणि शस्त्र अधिनियम, 1959 खाली आयात परवान्याचा प्रश्न वेगळाच उभा राहील. आणि कुणालाही ते म्यान घासून किंवा ठोकून ‘बसवू’ देऊ नका. पातं जिथे अडतं, तो तुमचा पुरावा आहे. त्याचे फोटो आजच काढा.