पाय टेकताच ब्रेक पकडतो, दोष कुठे शोधावा?

प्रश्न : माझी गाडी अठरा वर्षांची असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत; एबीएस (जोरात ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. दोन महिन्यांपूर्वी मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमार्फत चाकांकडे पाठवणारा भाग) गळू लागल्यामुळे तो बदलून घेतला आणि तेव्हापासून पेडलला पाय टेकताच गाडी झटका देऊन थांबते. गर्दीतून हळू जाताना तर शेजारी बसलेल्याची मान पुढे फेकली जाते. पॅड खराब असतील असे म्हणून गॅरेजमध्ये पुढचे पॅड बदलले, मागचे ड्रम साफ केले, तरी फरक पडला नाही. गाडी कोणत्याही एका बाजूला ओढत नाही आणि त्रास सकाळी जितका असतो तितकाच संध्याकाळीही असतो. बूस्टरची (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्याची) व्हॅक्यूमची नळी काढून गाडी चालवून पाहा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. रस्त्यावर तसे मुळीच करू नये. बूस्टरची मदत गेली की पेडल दगडासारखे कडक होते आणि हलक्या ब्रेकची सवय झालेला पाय ऐन वेळी पुरेसा जोर लावू शकत नाही. तपासणीसाठी यापेक्षा सुरक्षित मार्ग आहे. तो पुढे सांगतो.

‘ब्रेक जास्त लागतो’ या एकाच वाक्याखाली गॅरेजमध्ये तीन निरनिराळ्या तक्रारी येतात. पहिलीत पायाच्या जोराच्या मानाने ब्रेक फार लागतो. दुसरीत एखादेच चाक अचानक पकडते. तिसरीत ब्रेक पूर्ण सुटतच नाही, चाके थोडी धरलेली राहतात आणि गाडी तापत जाईल तसे पेडल वर येऊन अधिकाधिक नाजूक होते. त्यामुळे कोणता भाग बिघडला हे विचारण्यापूर्वी त्रास केव्हा होतो आणि तो कशानंतर सुरू झाला, हे विचारावे. आपल्या पत्रात ही दोन्ही उत्तरे आहेत. त्रास थंड-गरम पाहत नाही, गाडी ओढत नाही आणि हे सारे मास्टर सिलिंडर बदलल्यानंतर सुरू झाले. जे शेवटी उघडले गेले त्याच्यावर पहिला संशय घ्यायचा असतो; पॅडवर घाई झाली असे मला वाटते.

माझा संशय बूस्टरवर आहे. बूस्टर म्हणजे मास्टर सिलिंडरच्या मागचा तो गोल काळा डबा. त्यात रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला इंजिनने निर्माण केलेली पोकळी (व्हॅक्यूम) असते आणि पेडल दाबले की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला आणि दाबातील फरक ०.६ बार धरला, तर हा पडदा सुमारे १९० किलो वजनाइतका जोर लावतो. एवढी ताकद पायाच्या हुकमात ठेवण्याचे काम नाण्याएवढी एक रबरी चकती करते. मास्टर सिलिंडरकडे जोर नेणारा दांडा म्हणजे पुशरॉड; त्याच्या डोक्यामागे ती बसते. तिच्या मध्यभागी पेडलकडून येणारा दांडा टेकतो आणि कडेवर बूस्टरचा जोर येतो. दाब वाढला की रबर मध्यभागातून मागे फुगते, दांड्याला मागे ढकलते आणि हवेची झडप बंद होते. म्हणूनच पाव ब्रेक मागितला तर पावच मिळतो. ही चकती जागेवर नसेल, तर दांड्याला मागे ढकलणारे कोणी उरत नाही, झडप उघडीच राहते आणि पाय नुसता टेकला तरी बूस्टर भरमसाट जोर लावतो.

काही गाड्यांत मास्टर सिलिंडर काढला की हा पुशरॉड हातात निघून येतो. चकती त्याच्या डोक्याला चिकटलेली असते. ती बाहेर येता येता सुटून बूस्टरच्या तळाशी पडते आणि रॉड परत घालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पुन्हा मास्टर सिलिंडर सोडवून, रॉड काढून, टॉर्चच्या उजेडात आत पाहिले की मध्यभागी रबर दिसायला हवे. धातू दिसला, तर चकती पडली आहे.

मास्टर सिलिंडर काढलाच आहे, तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. जुना सिलिंडर मागच्या सीलमधून गळत असेल, तर ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये गेलेले असू शकते. हे ऑइल रंग खाते. बूस्टरच्या तोंडाखालचा रंग फुगून सुटला असेल किंवा आत ऑइल साचले असेल, तर चकती बसवून भागणार नाही. बूस्टरच बदलावा, कारण त्यातील झडप व पडदा यांचा भरवसा राहत नाही.

आता तपासणी. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे साठलेली पोकळी संपते. मग पेडल दाबून धरून इंजिन सुरू केले, की ते थोडे खाली जायला हवे. यावरून बूस्टर जोर देतो एवढे कळते, तो प्रमाणात देतो की नाही हे कळत नाही. त्यासाठी सपाट, मोकळ्या जागेत, पोकळी संपवून, इंजिन बंद ठेवून दोघांनी गाडी चालण्याच्या वेगाने ढकलावी आणि चालकाने हँडब्रेकवर हात ठेवून ब्रेक हळूहळू दाबावा. चावी फिरवलेली असू द्यावी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. या स्थितीत ब्रेक पायाबरोबर क्रमाने वाढत गेला, तर दोष बूस्टरमध्येच आहे. तरीही चाक झटक्याने पकडले, तर दोष चाकाशी आहे.

पुशरॉडची लांबीही तपासून घ्यावी. तो किंचित जरी लांब असला तरी मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि ऑइल तापून फुगले की चाके आपोआप धरू लागतात. दहा-पंधरा मिनिटे चालवून चाके जॅकवर उचलावीत. सगळी जड फिरत असतील, तर मास्टर सिलिंडरचे दोन नट थोडे सैल करून तो किंचित पुढे येऊ द्यावा. चाके लगेच मोकळी झाली, तर पुशरॉड लांब आहे किंवा पेडल पूर्ण वर येत नाही. नट पुन्हा घट्ट केल्याशिवाय गाडी हलवू नये. आपल्या गाडीत त्रास तापल्यावर वाढत नसल्याने याची शक्यता मला कमी वाटते.

प्रश्न : पावसात रात्रभर उभी राहिलेली माझी जुनी गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला मागून जोरात पकडते, मग ठीक चालते. हा दोष समजावा का?

उत्तर : दोन-तीन ब्रेकमध्ये थांबत असेल, तर नाही. ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर दमटपणाने गंजाचा पातळ थर येतो आणि ड्रम ब्रेकचा पुढचा शू (ड्रमला आतून घासणारी वक्र पट्टी) फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच त्यावर अधिक दाबला जात असल्याने थोडे घर्षण वाढले तरी परिणाम मोठा दिसतो. थर घासून गेला की ब्रेक पूर्ववत होतो.

दिवसभर पकडत राहिला, तर मात्र ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या (शू ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपीची कड उचलून पाहावी. आत ओल दिसली, तर सिलिंडर गळतो आहे. लायनरवर (शूवरच्या घर्षणाच्या थरावर) थोडेसे ऑइल लागले तर ब्रेक घसरेल असे आपल्याला वाटते, पण अनेकदा तो उलट चिकटून पकडतो. असे लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नयेत. दोन्ही मागच्या चाकांचे एकदम बदलावेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.