वाचनालयाची वेबसाइट मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर न्यावी का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: वाचनालयाची ९ हजार पुस्तकांची यादी पीएचपी (वेबसाइटच्या कोडाची भाषा) आणि मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसवर आहे, शोधायला ५-६ सेकंद लागतात, काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, आणि कुणीतरी सांगितलंय की पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेलं की सगळं ठीक होईल. मी एका वाचनालयाची अशीच यादी सांभाळतो आणि ती पोस्टग्रेसवर नेली आहे. तरी तुम्हाला लगेच 'न्या' म्हणणार नाही.

वेगाचं आधी. ९ हजार ओळी म्हणजे कुठल्याही डेटाबेसला किरकोळ. इंडेक्स (शोधासाठीची सूची) नसला तरी अख्खं टेबल चाळायला त्याला सेकंदही लागत नाही. म्हणजे दोष बहुतेक कोडात आहे. नेहमी सापडणारा प्रकार असा: आधी पुस्तकं काढायची, मग लूप फिरवून प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी डेटाबेसला वेगळा प्रश्न, म्हणजे क्वेरी, मारायची. दोनशे पुस्तकं सापडली की दोनशे एक क्वेऱ्या. त्या एका जॉइनमध्ये, म्हणजे दोन्ही टेबलं जोडणाऱ्या एकाच क्वेरीत आणा. डेटाबेस बदललात तरी हा लूप तुमच्यासोबत जाईलच.

प्रश्नचिन्हांकडे मात्र आजच बघा. २०१८ मध्ये ८.० येईपर्यंत मायएसक्यूएलचा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) रोमन लिपीपुरता लॅटिन१ होता, त्यामुळे जुन्या मराठी साइटींचा मजकूर तिथेच बिघडलेला असतो. बिघाड दोन तऱ्हांचा, आणि फरक ओळखणं फार महत्त्वाचं. 'मराठी' या शब्दात ५ कॅरेक्टर आणि यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) मध्ये १५ बाइट असतात. असा एखादा शब्द घेऊन त्याची कॅर-लेंथ (डेटाबेसने मोजलेली कॅरेक्टरची संख्या) काढा. ५ आली तर उत्तम. १५ आली तर बाइट शाबूत आहेत, फक्त लेबल चुकीचं आहे. पडद्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात ती यामुळेच. लॅटिन१ सांगून डम्प (सगळ्या डेटाची फाइल) काढायचा, फाइलमधलं लेबल यूटीएफ८एमबी४ करायचं, पुन्हा भरायचं; मजकूर परत येतो. पण हेक्समध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या आकड्यांत) देवनागरीच्या ई०ए४ किंवा ई०ए५ ऐवजी ओळीने ३एफ दिसले, तर तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय. ते नाव गेलं. जगातला कुठलाही डेटाबेस ते परत आणणार नाही, कपाटातलं पुस्तक काढून पुन्हा टाइप करावं लागेल. म्हणून हे आधी मोजा, मगच स्थलांतराचा विचार.

यूटीएफ८एमबी४ मी मुद्दाम म्हणतोय. मायएसक्यूएल ५.७ मधला नुसता 'यूटीएफ८' ३ बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी त्यात मावते, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि तिचं प्रत्येक अक्षर ४ बाइटांचं आहे. आमच्याकडच्या जुन्या दप्तरांची मोडी शीर्षकं पहिल्याच अक्षराला अडली, तेव्हा मला हे समजलं.

मग मी पोस्टग्रेसवर का गेलो? क्रमवारीसाठी. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर 'काळ' आधी आणि 'कावळा' नंतर. आमच्या ग्रंथपालबाईंनी चाळीस वर्षं कार्डं हाताने लावली आहेत. त्यांना ही यादी चुकीची वाटायची, आणि ती चुकीचीच होती. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीची कोलेशनं (क्रमवारीचे नियम) आहेत, त्यात मराठीचंही आहे. कॉलमला ते लावलं आणि यादी त्यांच्या कार्डांसारखी लागली. मला तेवढं कारण पुरेसं होतं.

एक गोष्ट मात्र नेहमीचं कोलेशन करत नाही. 'दऱ्या' मधला अर्धा र काही कीबोर्ड ऱ वापरून लिहितात, काही साधा र आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) वापरून. डोळ्यांना सारखं, शोधाला वेगळं. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

तुम्हीही जायचं ठरवलंत, तर डेटा नेऊन भरणारं पीजीलोडर हे साधन वापरा. ००००-००-०० अशा तारखा पोस्टग्रेस घेत नाही, पीजीलोडर त्यांच्या जागी नल (रिकामी नोंद) घालतो. मी काही टेबलं सीएसव्हीने हाताने भरली होती. सगळं दिसत होतं व्यवस्थित, पण दुसऱ्या दिवशी नवं पुस्तक नोंदवताना 'हा क्रमांक आधीच आहे' अशी चूक आली, कारण सीक्वेन्स (नव्या नोंदीला क्रमांक देणारा गणक) १ पासून मोजत होता. भरून झाल्यावर प्रत्येक सीक्वेन्स सगळ्यात मोठ्या क्रमांकाच्या पुढे नेऊन ठेवायचा. क्वेऱ्यांमधल्या नावांभोवतीचे बॅकटिक (` ही चिन्हं) काढावे लागतील, आणि रोमन अक्षरांत शोधताना लहान-मोठं अक्षर आता वेगळं धरलं जाईल.

नोंदी एकच माणूस करत असेल, तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेसही बघा. सर्व्हर नाही, एकच फाइल. एका वेळी एकच जण लिहू शकतो, पण वाचनालयाला ती अडचण नाही. फक्त बॅकअप त्याच्या बॅकअप कमांडनेच घ्या, चालू फाइल कॉपी करू नका. ळ चा क्रम मात्र तिथे तुम्हालाच लावावा लागेल.

तुमच्या जागी मी आज जॉइन दुरुस्त करून हेक्स तपासला असता. ५.७ ला ऑक्टोबर २०२३ पासून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे आवृत्ती बदलावी लागणारच आहे. ते काम कराल तेव्हा पोस्टग्रेसचं ठरवा. ३एफ किती नावांत निघाले ते इथे कळवा.