मुकुट नसलेला तो राजा कोण?

प्रश्न: गणपतीच्या आधी घर आवरताना आजीच्या फडताळात चांदीचे जुने रुपये सापडले. तीन राणीछाप, दोन मुकुटवाल्या राजाचे आणि एकावर दाढीवाला, बोडक्या डोक्याचा राजा, साल १९०४. आमचे काका म्हणतात हाच तो एडवर्ड, बाईपायी गादी सोडली म्हणून मुकुट काढून छापलाय. खरं काय?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर: काकांची गोष्ट झकास आहे हो, पण माणूस चुकला! गादी सोडली ती आठव्या एडवर्डने, १९३६ मध्ये. तुमच्याकडचा आहे त्याचा आजोबा, सातवा एडवर्ड, म्हणजे राणीछाप रुपयावरच्या व्हिक्टोरियाचा मोठा मुलगा. नावापुढे रोमन सात असेल, भिंग लावून बघा. त्याच्या रुपयांवर मुकुट नाहीच, १९०३ ते १९१० सगळे तसेच.

आता गंमत बघा, बाईंचाच विषय काढायचा तर आजोबा नातवाला भारी होता. लग्न डेन्मार्कच्या अलेक्झांड्राशी, आणि बाहेर लिली लँगट्री काय, अ‍ॅलिस केपेल काय, लंडनच्या बड्या लोकांत सगळ्यांना माहीत, पण पेपरवाले गप्प आणि राणीसाहेबही गप्प, त्यामुळे गादीला धक्का नाही. नातवाने काय केलं तर सरळ लग्न करतो म्हणाला. वॉलिस सिम्पसन, अमेरिकन, एक घटस्फोट झालेला आणि दुसरा कोर्टात चालू. इंग्लंडचा राजा म्हणजे तिथल्या चर्चचाही प्रमुख, आणि पहिला नवरा जिवंत असताना घटस्फोटितेने पुन्हा लग्न करणं त्या चर्चला तेव्हा मान्य नव्हतं. ती बायको होईल पण राणी होणार नाही अशी पळवाटही काढून बघितली, पंतप्रधान बाल्डविनच्या मंत्रिमंडळाने तीही नाकारली. शेवटी ११ डिसेंबर १९३६ ला, ३२६ दिवसांत राज्य संपलं. म्हणजे चोरून केलं ते चाललं, उघड केलं ते नाही. आपल्या वाडीत तरी वेगळं काय असतं म्हणा.

त्याचा रुपया शोधत बसू नका, निघालाच नाही. आपल्याकडच्या १९३६ सालच्या पैशावरही त्याच्या बापाचा, पाचव्या जॉर्जचाच चेहरा. इंग्लंडात नाण्यांचे नमुने तयार झाले होते, त्यातही याचा हट्ट. रिवाज असा की प्रत्येक नव्या राजाने आधीच्याच्या उलट दिशेला तोंड करायचं, बाप डावीकडे बघतो म्हणजे याने उजवीकडे बघायला हवं, पण हा म्हणे माझा भांग डावीकडे आहे, तीच बाजू दाखवा. मग गादीवर आलेला भाऊ, सहावा जॉर्ज, डावीकडेच बघतो, जणू मधल्याने रिवाज पाळलाच होता! तुमचे मुकुटवाले दोन्ही या बापलेकांपैकीच असणार, नाव वाचा.

आणि हो, त्या अ‍ॅलिस केपेलची पणती म्हणजे आताची राणी कॅमिला. घटस्फोटित, नवराही घटस्फोटित आणि २००५ ला लग्न झालं तेव्हा तिचा पहिला नवरा जिवंत होता, तरी चार्ल्सची गादी शाबूत.

रुपये आमसुलाने घासून चकाचक करू नका, घासलेल्या नाण्याला जाणकार कमी भाव देतात. आणि काकांना तो रोमन सात नक्की दाखवा.